चाळीस वर्षं न चिकटलेला क्लच

केसरीनाथाला बढाई मारायला एकच विषय होता, पण तो त्याला चाळीस वर्षं पुरला. त्याच्या ट्रॅक्टरचा क्लच कधी चिकटला नाही.

ज्यांनी जुना ट्रॅक्टर वापरला नाही त्यांना यात काय मोठं असं वाटेल. पण पडघ्याच्या आसपासच्या गावांत विचारून बघा. चार महिने पाऊस, चार महिने गाडी शेडमध्ये उभी. सगळीकडे ओल. आत क्लचची प्लेट इंजिनच्या फिरत्या चाकाला, फ्लायव्हीलला, गंजून अशी धरून बसते की दसऱ्याला पेडल पार खाली दाबलं तरी सोडत नाही. पेडल जातं, प्लेट जात नाही. इंजिन आणि चाकं एकमेकांना जोडलेलीच राहतात. गिअर टाकायला जावं तर खरखर आवाज करतो, आणि जबरदस्तीने पडलाच तर गाडी उधळते. पलीकडच्या पाड्यावरच्या नवशाचा तर दरवर्षी ठरलेला कार्यक्रम होता. दसरा आला की नवशा घामाघूम, आणि केसरीनाथ हात मागे बांधून बघायला हजर.

"यंत्राला पण माणूस कळतो, नवशा," असं तो म्हणायचा. "आपल्या हाताचा गुण हाय." नवशाने कधी त्याच्या डोक्यात पाना घातला नाही, हा नवशाचा मोठेपणा.

खरं सांगायचं तर केसरीनाथ त्या क्लचसाठी काहीही करत नव्हता. त्र्याऐंशी साली एका वीटभट्टीवाल्याकडून त्याने तो ट्रॅक्टर घेतला तेव्हाच गाडी वीस वर्षं जुनी होती. रंग कधीकाळी लाल. विटा ओढल्या, गवताच्या गंजी ओढल्या, गावातल्या निम्म्या नवरदेवांना त्यावरून मिरवलं. पुढे शेतं गोडाऊनांखाली गेली, सगळ्यांचीच गेली तशी त्याचीही. घराला पुढून टाइल्स लागल्या, मुलाने, कुणालने, टेम्पो घेतले. ट्रॅक्टर मागच्या शेडमध्ये राहिला. उरलेल्या एका पट्टीतला भात कापला की पेंढा घरी आणायचा आणि दसऱ्याला हार घालून गावातून फिरवायचा, एवढंच त्याचं काम उरलं होतं. पण केसरीनाथाच्या लेखी घरातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच होती.

त्याची बायको कमळा. तिच्याकडे ट्रॅक्टरची दोन कामं होती आणि ती दोन्ही केसरीनाथाच्या हिशेबी घरकामात मोडत होती. पाऊस लागायच्या आधी ताडपत्री टाकायची आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती काढून गाडी धुवायची. मधले चार महिने केसरीनाथ तिकडे फिरकतही नसे. दसऱ्याला तो अंघोळ करून, टोपी घालून यायचा, धुतलेल्या गाडीवर चढायचा, किल्ली फिरवायचा. गाडी पहिल्या झटक्याला गिअर घ्यायची. लोक बघायचे. कमळा पूजेचं ताट धरून खाली उभी असायची.

गेल्या फाल्गुनात कमळाच्या पोटात गाठ निघाली. चैत्र कसाबसा घरात गेला आणि वैशाखात तिला भिवंडीला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी कुणालला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. कमळाला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला समजलं होतं. एका दुपारी तिने सगळ्यांना खाटेजवळ बोलावलं. बांगड्या सुनेला दिल्या, घरातल्या देवांचं कुणी काय करायचं ते सांगितलं. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ट्रॅक्टर पूर्वीला द्या. तुमच्यानं नाय व्हायाचं त्याचं."

पूर्वी त्यांची मुलगी. तिला अकलोलीला दिलेली, तिच्या सासरी अजून भातशेती होती. ट्रॅक्टर तिथे कामी आला असता, यात शंका नव्हती. पण केसरीनाथाला दुसरं वाक्य लागलं. ज्या एका गोष्टीसाठी चार गावं त्याचं नाव घेतात ती त्याच्याने होणार नाही, असं त्याच्या बायकोने मुलांसमोर, सुनेसमोर, बाजूच्या खाटेवरच्या परक्या बाईसमोर सांगितलं. तो उठून बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसला.

चार दिवस तो बाकड्यावरच बसला. आत जायचा तो चहाचा पेला ठेवायला किंवा औषध पोचवायला. कमळाने एकदा विचारलं, रागावलाव का. तो म्हणाला, नाय. आणि पेला ठेवून बाहेर आला. मरणाऱ्या बाईशी असं वागू नये हे त्याला समजत नव्हतं असं नाही. उद्या बोलू, असं तो रोज स्वतःला सांगत होता. पाचव्या दिवशी सकाळी पूर्वी आतून धावत आली तेव्हा तो बाकड्यावर बसून वडापाव खात होता.

तिच्या मरणाने राग गेला असता तर बरं झालं असतं. केसरीनाथाचा राग दुःखात मुरून आणखी घट्ट झाला. रडायचा तेव्हाही त्याच्या मनात एक कोपरा म्हणत असे, दाखवतो तुला, माझ्याने होतं की नाही. पूर्वीला त्याने साफ सांगितलं, ट्रॅक्टर इथून हलणार नाही. पूर्वी शहाणी. ती हो म्हणाली.

वर्ष व्हायचं होतं म्हणून त्या साली दसऱ्याला पूजा नव्हती. ताडपत्री कार्तिकात निघाली, पट्टीतला भात कापून झाल्यावर. या वेळी ती केसरीनाथाने स्वतः काढली, गाडी स्वतः धुतली. नवी बॅटरी जोडली, किल्ली फिरवली. दोनदा खोकून इंजिन लागलं तेव्हा त्याने नकळत खाली बघितलं, जिथे ताट धरून कुणी उभं असायचं तिथे. मग क्लच दाबून गिअरला हात घातला.

खरखर आवाज झाला. गिअर पडेना.

त्याने पुन्हा दाबलं. पेडल पार तळाला टेकलं होतं. पुन्हा खरखर. इंजिन बंद करून तो तसाच बसून राहिला. हा आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. चाळीस दसरे तो नवशाच्या अंगणात हाच आवाज ऐकून हसला होता.

पुढचे चार दिवस त्याने कुणाला सांगितलं नाही. पेडलची मोकळी चाल जास्त झाली असेल म्हणून खालच्या सळीचा नट आवळला. सळी वाकली असेल म्हणून काढून, फरशीवर ठेवून, एक डोळा मिटून बघितली. सांध्यांना ग्रीस भरलं. दर वेळी वर चढून गिअर टाकून बघायचा आणि दर वेळी तोच आवाज. कुणाल म्हणाला, बाबा, किती दिवस कुटत बसाल, भंगारवाला गाडी घेऊन येतो म्हणतोय, जागा तरी मोकळी होईल. केसरीनाथाने हातातला पाना खाली ठेवला आणि मुलाकडे असं बघितलं की तो पुन्हा त्या विषयावर आला नाही. संध्याकाळी पूर्वीचा फोन आला. ट्रॅक्टर काढला का, असं तिने सहज विचारलं. बॅटरी चार्जिंगला दिलीय, असं तो म्हणाला. मुलीशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

पाचव्या दिवशी त्याने पडघ्याहून महादूला बोलावलं. महादू म्हणजे दाजी मिस्तरीचा मुलगा. दाजी गेल्याला दहा वर्षं झाली, पण त्याचा हात महादूत उतरला होता. त्याने आल्याआल्या काही खोललं नाही. सीटवर बसून दोनदा पेडल दाबलं, खाली वाकून सळी बघितली, नट आधी होता तिथे परत नेला. मग कपड्याला हात पुसत इकडेतिकडे बघायला लागला.

काय शोधतोस, असं केसरीनाथाने विचारलं.

"ठोकळा कुठं हाय, नाना?"

"कसला ठोकळा?"

महादूला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. "वयनी लावायच्या तो. पेडलचा."

केसरीनाथाचा चेहरा बघून महादूला उमगलं की या माणसाला खरंच काही माहीत नाही. मग त्याला सगळं सांगावं लागलं. ट्रॅक्टर घेतला त्या पहिल्याच पावसात क्लच चिकटला होता. केसरीनाथ तेव्हा कावीळ होऊन आजोळी पडला होता, महिनाभर. कमळाने घाबरून दाजीला बोलावलं. दाजीने प्लेट सोडवली आणि तिला सांगितलं, बाई, पाऊस लागायच्या आधी पेडल दाबून लाकूड अडकवत जा. पेडल दाबलेलं राहिलं की प्लेट मोकळी राहते, चिकटत नाही. गाडी चालू करायच्या आधी तेवढं काढायचं. तेव्हापासून दर वर्षी ज्येष्ठात ताडपत्रीखाली ठोकळा आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी धुताना ठोकळा बाहेर. मिरगाच्या सुमारास कमळा बाजारात भेटली की दाजी विचारायचा, लाकूड लावलं का, बाई. दाजी गेल्यावर महादू विचारायचा.

"हातभर बाभळीचा होता," महादू म्हणाला. "एक टोक पेडलवर, एक सीटखालच्या पट्टीला. घसरू नये म्हणून टोकाला चिंधी बांधायच्या."

केसरीनाथ ट्रॅक्टरच्या चाकाला धरून खाली बसला.

चिंधी म्हटल्यावर त्याला आठवलं. तेराव्याला शेडमध्ये पंगत बसवायची होती म्हणून ट्रॅक्टर बाहेर ढकलायचा होता. भावकीतले चार जण मागून ढकलायला लागले, स्टिअरिंग धरायला केसरीनाथ वर चढला. पेडल खाली दाबलेलं आणि त्यात एक लाकूड तिरकं अडकवलेलं. टोकाला हिरवी चिंधी. पाहुण्यांच्या पोरांनी खेळताना कोंबलं असणार, असा त्याने तर्क केला. पोरांना दोन शिव्या घालून त्याने ते हिसका मारून काढलं आणि खाली फेकलं. खाली आचाऱ्याची चूल होती, भाताचं मोठं पातेलं चढलेलं होतं. आचाऱ्याने लाकूड उचललं आणि चुलीत सारलं.

पण वैशाखात ठोकळा तिथे कसा? ती तर ज्येष्ठात लावायची. आणि मग हेही उमजलं. ज्येष्ठात आपण असणार नाही हे तिला माहीत होतं. चैत्रातच कधीतरी, पोटात ती गाठ घेऊन, ती या सीटवर चढली होती.

महादूला त्याने फक्त एवढंच सांगितलं, "मीच काढला रं. तिच्या तेराव्याच्या चुलीत गेला."  महादूने तंबाखूची पुडी काढली, मळली, आणि न खाताच टाकून दिली.

मग कामाचं बोलणं झालं. गाडी दोन तुकड्यांत खोलून प्लेट काढायची, किंवा पळवून सुटते का बघायची. पळवायची तर मोकळी जागा पाहिजे. इंजिन गरम करून बंद करायचं, गिअर टाकायचा, आणि गिअरमध्येच चालू करायचं. गाडी लागलीच पळायला लागते. मग क्लच दाबून धरायचा आणि चालत्या गाडीला दोन्ही ब्रेक करकचून मारायचे, पुन्हा पुन्हा, प्लेट सुटेपर्यंत. थांबायचं झालं तर डिझेल बंद करण्याखेरीज इलाज नाही. दाजी हे शेतात करायचा. आता शेत कुठलं.

रविवारी दुपारी गोडाऊनच्या वॉचमनला सांगून त्यांनी ट्रॅक्टर टेम्पोने ओढत मागच्या यार्डात नेला. ट्रक नव्हते. पांढरं सिमेंट ऊन फेकत होतं. त्या सिमेंटखाली केसरीनाथाचं मोठं शेत होतं, विहिरीच्या बाजूचं. महादू म्हणाला, नाना, मी बसतो, तुमच्या गुडघ्याला जमायचं नाही. केसरीनाथाने त्याला हाताने बाजूला केलं.

गाडी गिअरमध्ये चालू झाली तशी हिसका देऊन सुटली. त्याने डाव्या पायाने क्लच तळाला दाबला, उजव्याने ब्रेक मारले. गाडी कण्हली, थरथरली, पुन्हा पळायला लागली. भिंत जवळ आली तसा त्याने वळण घेतलं. पुन्हा ब्रेक. पहिल्या दोन चकरांना तो घाबरला होता. तिसऱ्या चकरेला भीती गेली आणि आतलं सगळं वर यायला लागलं. तो बाकडा. ते चहाचे पेले. रागावलाव का, असं तिने विचारलं तेव्हा तिचा हात चादरीबाहेर होता, पेला ठेवताना त्याच्या मनगटाला लागला होता, आणि त्याने हात काढून घेतला होता. इंजिनचा आवाज इतका होता की महादूला काही ऐकू जाणं शक्य नव्हतं, म्हणून केसरीनाथ बोलायला लागला. चूक झाली, असं म्हणाला. तू बोलली ते बरोबर होतं, माझ्याने नव्हतं होणार. मला सांगायचं तरी होतंस. ब्रेक मारत होता आणि बोलत होता, आणि सिमेंटवर काळे पट्टे उमटत होते.

अकराव्या की बाराव्या चकरेला खालून काहीतरी तुटल्यासारखा मोठा आवाज आला. इंजिन एकदम हलकं झालं. चाकं थांबली. गाडी जागच्या जागी उभी, इंजिन चालू, आणि क्लच सुटलेला.

महादूने लांबून हात वर केला. केसरीनाथाने गिअर काढला नाही, पाय उचलला नाही. पाय तसाच दाबून धरून, दोन्ही हात स्टिअरिंगवर टेकून, तो सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असा रडला. दवाखान्यात, घरी, स्मशानात, कुठेही तो असा रडला नव्हता. महादू तोंड फिरवून गोडाऊनच्या पत्र्यांकडे बघत राहिला. बऱ्याच वेळाने जवळ आला आणि म्हणाला की नाना, आता पाय सोडा, गुडघा धरेल.

दुसऱ्या दिवशी केसरीनाथाने पेंढा आणला नाही. पहाटे ट्रॅक्टरवर बसला आणि आपल्या बेताच्या चालीने अकलोलीला निघाला. वाटेत वज्रेश्वरीला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. मुलीच्या दारात त्याने गाडी उभी केली, न्यूट्रल केली, बंद केली आणि किल्ली तिच्या हातात दिली. पूर्वीने किल्लीकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि आधी पाणी आणायला आत गेली.

ओट्यावर बसून त्याने तिला सगळं सांगितलं. चिकटलेला क्लच, बॅटरीची थाप, महादू, चूल. काही लपवलं नाही. ठोकळा चुलीत गेला म्हटल्यावर पूर्वीने पदर तोंडाला लावला.

चैत्रात ती माहेरी आली होती तेव्हाची गोष्ट तिने सांगितली. केसरीनाथ बाजारात गेला होता. आई म्हणाली, मला मागं घेऊन चल. तिला चालवत नव्हतं तरी वर चढली. पेडल दाबायला तिच्या पायात जोर नव्हता, म्हणून पूर्वीने हाताने दाबलं आणि आईने लाकूड बसवलं. चिंधी तिने स्वतःच्या जुन्या हिरव्या साडीची फाडली होती. उतरताना ती दोनदा थांबली, धाप लागली होती. ठोकळा नजरेसमोर बसवलेला, म्हणून पावसाळाभर पूर्वी निर्धास्त होती.

केसरीनाथाने विचारलं, "तिनं मला कधी सांगितलं का नाय गो?"

पूर्वीने पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी पण विचारलं होतं. आई बोलली, बाबा चार लोकांत सांगतान, माझ्या हाताचा गुण हाय. त्यांना दुसरं काय हाय सांगायला. सांगू दे."

केसरीनाथ ओट्यावरून उठला. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. टायरवर साचलेली धूळ हाताने झटकली, त्याला काही अर्थ नव्हता, पुढे चिखलातच जायची होती ती गाडी. पूर्वी त्याच्या मागे येऊन उभी राहिली. बापाला काहीतरी द्यावं असं तिला वाटलं असणार. ती म्हणाली, बाबा, पुढच्या ज्येष्ठात तुम्हीच या, आणि ठोकळा तुमच्या हातानं लावा.

त्याने मान हलवली, नको म्हणून.

"तू लाव. मी इथं खाली उभा राहीन," तो म्हणाला. "कसं लावतात ते बघीन. चाळीस वर्षांत तुझ्या आयला एकदा पण बघितलं नाय."

पूर्वीने त्याचा हात धरून त्याला सावलीत आणलं आणि जेवायला वाढलं. तो दोन घास खाऊन उठला, आणि दुपारच्या एस.टी.ने भिवंडीवरून घरी परत निघाला.